बाबांच्या पडद्यावरची बांग्ला अक्षरं

बाबांना दिसेनासं झालं तसा आमच्या घरातला आवाज वाढला. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आत नेली. बँकेतून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बदलीमुळे कोलकात्याला आलेलं आमचं बिऱ्हाड तोवर डमडमच्या फ्लॅटमध्ये इतकं मुरलं होतं, की पुण्याला परत जायचा विषय निघायचा आणि जेवणं उरकेपर्यंत विसरलाही जायचा. बाबा मुळात शांत माणूस. पूर्वी ते पेपर वाचायचे तेव्हा पान उलटल्याचा आवाज येई, तेवढाच. आता त्यांचा फोन बोलू लागला. बँकेचे मेसेज, गॅसच्या सिलिंडरची सूचना, जुन्या सहकाऱ्यांची सुप्रभातं, सगळं फोन एका सुरात मोठ्याने वाचून दाखवी. आईला तो यांत्रिक आवाज सहन होत नसे. मग ती फोन काढून घ्यायची आणि स्वतः वाचायची.

"अहो, तुमच्या धाकट्या भावाचा मेसेज. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय म्हणे. आणि हे काय, रडका चेहरापण टाकलाय."

"लिही त्याला, काळजी घे."

"एवढंच? सख्ख्या भावाला एवढंच लिहितात?"

मग आई स्वतःच्या मनाने चार ओळी घालायची. बाबांच्या नावाने जगात जे जात होतं त्यातलं अर्धं आईचं होतं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती त्यांच्या ताटात भाजी कुठे आणि चटणी कुठे हे सांगते तितक्याच मायेने त्यांचे मेसेजही वाचत होती. बाबांनी कधी तक्रार केली नाही. मी मात्र मेट्रोत शेजारचं कुणी माझ्या फोनकडे बघतंय असं वाटलं तरी तो उलटा करून मांडीवर ठेवते. बाबांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार मनात आला की मी तो पुढे जाऊ देत नसे.

मग बाबा दक्षिण कोलकात्यातल्या एका केंद्रात ब्रेल शिकायला जाऊ लागले. शिकवणारे गृहस्थ स्वतः अंध, एका शाळेतून निवृत्त झालेले. बाबा त्यांना सर म्हणत, म्हणून आम्हीही सर म्हणू लागलो. साठीच्या जवळ आलेली बोटं पटकन शिकत नाहीत. बाबा रोज जेवणाच्या टेबलावर जाड कागद घेऊन बसत आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा चाचपत. आई म्हणायची, "तांदूळ निवडल्यासारखे बसतात." पण ते शिकले. आणि सरांच्या ओळखीतून त्यांना एक वापरलेलं ब्रेलचं यंत्र मिळालं.

हे यंत्र म्हणजे एक लांबट चपटी पट्टी. तिच्यावर बारीक भोकांची रांग असते. भोकांतून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके वर येतात, खाली जातात आणि त्यांची अक्षरं होतात. वरच्या बाजूला सहा जाड बटणं. ती वेगवेगळ्या जोड्यांनी एकदम दाबली की एकेक अक्षर लॅपटॉपमध्ये जातं. आणि लॅपटॉपमध्ये जे असेल ते पट्टीवर बोटांखाली उमटतं. आवाजाची गरजच नाही. लॅपटॉपही सरांनीच लावून दिला होता. बाबांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं बोलणं बंद करून टाकलं.

त्यानंतर संध्याकाळी ते खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसू लागले. बटणांचा ठक् ठक् असा दबका आवाज आणि मधूनच ठिपके बदलले की पट्टीचा कर्र असा सूर. आईने एकदा विचारलं, "काय लिहिता हो एवढं?"

"सराव," बाबा म्हणाले.

आई वळून स्वयंपाकघरात गेली.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. दाराच्या चौकटीवर बोट फिरवत. काही मागायचं असेल तर ते असे उभे राहतात. माझीही तीच सवय आहे असं आई म्हणते.

"तुझं काही काम चाललंय का?"

"नाही बाबा. का?"

"काही नाही. ते मशीन उठत नाहीये. सावकाश बघ. घाई नाही."

घाई नाही, हे त्यांनी ज्या स्वरात म्हटलं त्यावरून मी लगेच उठले.

मी सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आमच्या घरात याचा अर्थ असा, की टीव्हीच्या रिमोटपासून मिक्सरपर्यंत सगळं मला दुरुस्त करता यायला हवं. मला ते येत नाही. पण लॅपटॉपसमोर बसले की निदान माझी भीती कमी होते, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

पट्टी मेली नव्हती. तिचा छोटा दिवा लागत होता. पण लॅपटॉपला ती दिसत नव्हती. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत एका नावापुढे पिवळा त्रिकोण होता आणि नावही भलतंच. रात्री विंडोजचं अपडेट येऊन गेलं होतं. लॅपटॉपला एखादं उपकरण ओळखायला लावणारा जो छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, तो अपडेटने बदलला होता. पट्टीचा स्वतःचा ड्रायव्हर काढून त्या जागी कुठल्याही उपकरणाला चालेल असा एक सरसकट ड्रायव्हर बसवला होता. लॅपटॉपच्या दृष्टीने आता ती कसली तरी वायर होती, इतकंच.

हे कळायला मला तास गेला. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून होते. मी काय करते आहे ते विचारत नव्हते, पण माझ्या प्रत्येक क्लिकला मान किंचित वळत होती. मी केबल बदलली. दुसऱ्या बाजूला लावली. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर विंडोजने पुन्हा आपलाच बसवला.

"सरांना फोन करतेस का?" बाबांनी विचारलं.

फोन करणं हा माझ्यासाठी शेवटचा उपाय असतो. पण केला. सरांनी हिंदीत सुरुवात केली, मध्येच बांग्लात शिरले आणि मला सारखं 'मा' म्हणत राहिले. इथली मोठी माणसं लहान मुलींना म्हणतात तसं.

"घबराओ मत, मा. पहले इंटरनेट बंद करो. वो बदमाश इंटरनेट से अपना ड्रायव्हर ले आता है. बंद करो, फिर पुराना वाला डालो. होये जाबे."

मी इंटरनेट बंद केलं, जुना ड्रायव्हर घातला आणि विंडोजला तो यापुढे बदलायची मनाई करून टाकली. पट्टीने कर्र केलं. ठिपक्यांची एक लाट इकडून तिकडे गेली. बाबांचा हात मी सांगायच्या आतच पट्टीवर पोचला होता.

"आलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आलं गं."

इथे मी थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

सगळं नीट चालतंय ना हे बघायला मी त्यांची फाइल उघडी ठेवली होती. तोवर मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर सगळा पडदा बांग्ला अक्षरांनी भरलेला. मला वाटलं, आणखी काहीतरी बिघडलं. बाबांना बांग्ला बोलता येतं, पण ते बांग्लात कशाला लिहितील? मी शाळेत बांग्ला शिकलेय. विचार करायच्या आत माझ्या डोळ्यांनी एक ओळ वाचून टाकली. ती मराठी होती. बांग्ला अक्षरांत लिहिलेली आमची घरची मराठी. मध्येच काही शब्दांत तिरप्या रेघा आणि आकडे घुसलेले. जरा बघितल्यावर कळलं, की जिथे जिथे ळ हवा तिथे तिथे हे झालं होतं. बांग्लात ळ नाही.

मी दुसरी ओळ वाचली नाही. नजर वर मेनूकडे नेली आणि काय झालं असेल ते शोधू लागले. ते सोपं होतं. आपल्याकडच्या भाषांचं ब्रेल एकाच पायावर उभं आहे. मराठीत क काढायला जे ठिपके, बांग्लातल्या क साठीही तेच. बाबा बोटांनी मराठी लिहीत होते आणि बोटांनी मराठी वाचत होते. ते पडद्यावर कोणत्या लिपीत उमटवायचं एवढंच लॅपटॉप ठरवतो. सरांनी सवयीने बांग्ला निवडलं होतं. बांग्ला काढून मराठी निवडायचं, झालं.

मला फार छान वाटलं. ड्रायव्हर बसवला, वर न सांगता एक जुनी चूकही सापडली. मी यादीतून मराठी निवडलं, एक नवी कोरी फाइल उघडली आणि म्हटलं, "बाबा, आता ळ असलेलं काहीतरी लिहून बघा."

त्यांनी बटणं दाबली. बोट पट्टीवर फिरवलं. परत फिरवलं.

"अरे! ळ आला!"

"आधी काय यायचं?"

"खडा लागायचा. घासात लागतो ना, तसा. आकडे यायचे मध्येच. मला वाटायचं, असंच असतं." आणि ते लिहीत सुटले. पडद्यावर देवनागरीत उमटत गेलं: केळं, मुळा, कावळा, भोळा, गोंधळ, वेंधळा.

आवाज ऐकून आई हात पुसत आली आणि आमच्या मागे उभी राहिली.

"अय्या, हे मराठी आहे! मला वाटायचं, तुम्ही त्या सरांचं बांग्ला गिरवताय. केळं, मुळा... बाजाराची यादी आहे का? मुळा आणायचाय?"

"मुळा नको," बाबा हसत म्हणाले. हात चालूच होते. केवढा वेग आला होता त्यांना. वेंधळा नंतर त्यांनी नवी ओळ घेतली आणि एक वाक्य सुरू केलं. आई ते अक्षर उमटेल तसं मोठ्याने वाचू लागली. त्यांचे मेसेज वाचते तशीच, मदत म्हणून.

"आज... सकाळी... मला..."

बटणांचा आवाज थांबला.

"काय झालं? आज सकाळी तुम्हाला काय?"

"काही नाही. चालतंय का ते बघत होतो." बाबांनी हात पट्टीवरून उचलून मांडीवर ठेवले. "म्हणजे आता पडद्यावर मराठी दिसतं?"

"हो बाबा. अगदी स्वच्छ."

"हं," ते म्हणाले. "छान झालं."

त्या संध्याकाळी ते टेबलाशी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने पट्टीवर धूळ बसू नये म्हणून नॅपकिन घातला. तो तसाच राहिला. मी ऑफिसातून आले की नॅपकिन बाजूला करून बघायची, पट्टी उठते आहे ना. उठत होती. ड्रायव्हर जागच्या जागी. तरी मी एकदा सगळं काढून परत घातलं. माझ्या कामात असं कधीतरी होतं. प्रोग्राम बरोबर असतो, तपासण्या सगळ्या हिरव्या दिसतात, आणि माणूस तो वापरत नाही.

"बाबा, काही अडतंय का?"

"नाही, नाही. चालतंय ते."

"मग लिहीत का नाही?"

"लिहीन. सराव झालाय तसा बऱ्यापैकी."

आई म्हणाली, "कंटाळले असतील. या वयात एवढं शिकले हेच खूप." आणि तिने नेहमीप्रमाणे त्यांचा फोन हातात घेतला. बाबा ऐकत बसले. त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता, ब्रेलच्या आधीचा. सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला आणि आत कुणी नसलेला. तो चेहरा मला ओळखीचा होता. ऑफिसात दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र बसतात आणि कुणीतरी मला विचारतं, तू काहीच का बोलत नाहीस, तेव्हा माझा चेहरा तसा होत असणार.

रविवारी सकाळी मी त्यांना फिरायला नेते. ते माझ्या कोपराला धरून अर्धं पाऊल मागे चालतात. त्यानंतरच्या एका रविवारी धुकं होतं. विमानं नुसती ऐकू येत होती. आमच्या गल्लीच्या टोकाला तळं आहे, त्याच्या कठड्याशी आम्ही थांबलो. मी ठरवून ठेवलं होतं की विचारायचं, पण तोंडातून निघालं ते ड्रायव्हरचंच.

"बाबा, मी पट्टीचा आणखी एक नवा ड्रायव्हर शोधलाय. तो घालून बघू का?"

"मशीन बिघडलेलं नाही गं."

मी गप्प राहिले. मला गप्प राहता येतं, आणि बाबांना समोरचं माणूस गप्प असलं की बोलता येतं.

"सरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं," ते म्हणाले. "लॅपटॉप लावून दिला ना, तेव्हाच. म्हणाले, दादा, पडद्यावर बांग्ला अक्षरं येतील, थांबा, मराठी करून देतो. मी म्हटलं, राहू द्या."

"का?"

"तुझ्या आईला बांग्ला वाचता येत नाही."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला आधी हसू आलं. इतकी वर्षं इथे राहून आईने मासेवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी बांग्लात भांडणं केलीत, पण दुकानाची पाटी वाचायची वेळ आली की ती मला हाक मारते. बाबांनी तिच्या त्या आळसात स्वतःसाठी एक खोली बांधली होती. आणि त्या खोलीचं भाडं म्हणून प्रत्येक ळ पाशी खडा चावत होते.

"मी वाचते ना पण," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. तू वाचणार नाहीस हेही ठाऊक आहे."

धुक्यात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला खोटं बोलता आलं असतं.

"एक ओळ वाचली बाबा. कळायच्या आत."

"कुठली?"

मी सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही. हे सगळं लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, मशीनबद्दल हवं ते लिही, माझं माझ्याकडे राहू दे. पण ती ओळ ऐकून ते हसले, हे सांगायला हरकत नसावी.

"ती होय? ती तर साधीच होती."

"हो. साधीच होती."

"सगळ्याच साध्या आहेत गं. मोठं काही असतं तर मीच वाचून दाखवलं असतं. साधं आहे म्हणून तर कुणी मोठ्याने वाचू नये." ते कठड्याला टेकले. "तिचा दोष नाही हां. ती वाचते म्हणून माझं चालतं. तिला काही बोलू नकोस."

"नाही बोलत."

"आणि जुनं लिहिलेलंही आता हाताला लागत नाही. उघडून बघितलं मी. नुसते भलतेसलते ठिपके येतात."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जुन्या फाइलींत बांग्ला अक्षरं होती आणि पट्टीला आता मराठीच कळत होतं. मी त्यांचं पुढचं लिहिणं उघड्यावर आणलं होतं आणि मागचं त्यांच्यासाठी बंद करून टाकलं होतं. एका क्लिकमध्ये, खूश होऊन.

"परत बांग्ला करून देते बाबा. आज घरी गेल्यावर लगेच. होतं तसं होईल."

"मग ळ जाईल."

"जाईल."

ते कठड्यावर बोट फिरवत विचार करत राहिले. शेवाळाचा पट्टा लागला तिथून बोट मागे घेतलं.

"ळ राहू दे," ते म्हणाले. "त्याची सवय लागली दोन ओळींत."

घरी येताना मी सगळा वेळ त्याच विचारात होते. ड्रायव्हरचा प्रश्न असता तर मी शंभर पानं शोधली असती. हा प्रश्न कुठे शोधायचा? आणि मग जिना चढताना सुचलं, ते इतकं सोपं होतं की मला लाज वाटली. पडदा कुणासाठी होता? बाबांना त्याचा काही उपयोग नव्हता. आम्हा डोळसांना सवय, म्हणून लॅपटॉप उघडा असायचा.

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो झोपतो. मी त्याला सांगितलं, झोपू नकोस, झाकण लावलं तरी काम चालू ठेव. शिवाय लॅपटॉपमधलं पट्टीवर पोचवणारा जो प्रोग्राम बाबा वापरत, त्यात पडदा काळा करायची सोय होती, तीही चालू केली. म्हणजे कुणी झाकण उघडलंच, तरी अंधार.

जुन्या फाइली राहिल्या. कॉम्प्युटरच्या पोटात बांग्ला आणि देवनागरी अक्षरं सारख्याच क्रमाने ठेवलेली असतात. सगळी अक्षरं ठरावीक घरं मागे सरकवली की बांग्ला क चा आपला क होतो. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम पुरतो आणि ती खड्यांची खूण दिसेल तिथे ळ घाल, असंही त्याला सांगता येतं. अडचण एकच होती. आपण केलेलं बरोबर झालं का, हे बघितल्याशिवाय मी काही पुढे पाठवत नाही. माझं पोटच त्यावर आहे. आणि इथे मला बघायचं नव्हतं.

"बाबा, तुम्ही तपासा," मी म्हटलं. "मी झाकण उघडणार नाही. तुम्ही वाचा आणि मला नुसतं बरोबर किंवा चूक सांगा."

मी एका फाइलीची नक्कल करून प्रोग्राम चालवला, पडदा काळा केला, झाकण लावलं आणि खुर्चीत मागे टेकून खिडकीबाहेर बघत बसले. पट्टीने कर्र केलं.

"बरोबर," बाबा म्हणाले. बोट पुढे सरकलं. "बरोबर. हेही. थांब, इथे काहीतरी अडकलं."

"काय दिसतंय?"

"शब्द सांगू?"

"तेवढा शब्दच सांगा. मागचंपुढचं नको."

"पातेळं असं आलंय."

"मग प्रोग्राम बरोबर आहे की. पातेल्याला ल हवा. तो ळ तुम्हीच दाबला असणार."

"मी?" त्यांनी पुन्हा चाचपलं आणि मोठ्याने हसले. "मीच, मीच. तुझ्या प्रोग्रामने माझी चूकही जशीच्या तशी जपून ठेवली की."

दुपारपर्यंत आम्ही त्यांच्या सगळ्या फाइली तशाच केल्या. मी खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या रजया बघत होते आणि ते बरोबर, बरोबर म्हणत होते. मग त्यांचं बरोबर म्हणणं हळूहळू कमी झालं. एका फाइलीत ते काहीच बोलले नाहीत. मी वळून पाहिलं. ते तपासत नव्हते, वाचत होते. उजवं बोट पट्टीच्या टोकापर्यंत जाई, ठिपके बदलत, बोट परत पहिल्या घराशी येई. ओठ जरासे हलत होते. मी वाचताना माझ्याकडे कुणी बघितलेलं मला आवडत नाही. मी उठले आणि बाहेर आले.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. तिने सकाळीच झाकण लावलेला लॅपटॉप बघून विचारून घेतलं होतं, "अहो, झाकण लावून कुणी कॉम्प्युटर चालवतं का?" त्यावर बाबा म्हणाले होते, "अगं, उघडून तरी मला काय दिसणार आहे?" तेव्हा ती हसली होती. आता हसत नव्हती. आईला कमी कळतं असं आम्ही दोघं आपल्या सोयीसाठी धरून चालतो.

मी तिच्या समोर बसले आणि शेंगा ओढून घेतल्या. आतून ठक् ठक् सुरू झालं. आधी थांबत थांबत, मग सलग. बाबांनी वाचणं संपवून लिहायला घेतलं होतं.

"झालं सुरू," आई हळूच म्हणाली. जराशाने म्हणाली, "त्यात मी असेन का गं?"

"मला माहीत नाही आई. मी बघितलं नाही."

"विचारलं तर सांगतील?"

"सांगतीलही."

ती विचारात पडली. हातातली शेंग तशीच. ओट्यावर बाबांचा फोन होता. तो उजळला आणि कुणाचा तरी मेसेज आल्याचं मोठ्याने सांगू लागला. आईने सवयीने हात पुढे केला, फोन उचलला, वाचायला तोंड उघडलं. आतल्या ठक् ठक् कडे तिचे कान लागलेले मला दिसत होते.

तिने फोनचा आवाज बारीक केला आणि तो ओट्यावर पालथा ठेवला.

"नंतर देऊ त्यांना," ती म्हणाली. "आत्ता कामात आहेत."